मतदाराच्या हाती अधिक अधिकार : निवडणूक सुधारणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहरात आणि जिल्ह्यात मतदारांच्या बैठका घेताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता यावे असे लिहिले असून, जेथे विषय दुसऱ्या प्रश्नाला जोडलेला आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मत कोणाला द्यावे, याचे उत्तर या पानावर मिळणार नाही.

१. पक्षनिरपेक्ष निवडणूक सुधारणा म्हणजे नेमके काय? तुम्ही राजकीय पक्षांच्या विरोधात आहात का?

नाही. पक्षांवाचून संसदीय लोकशाही चालवणे कठीण आहे आणि पक्ष नसल्याने मतदाराचे भले होतेच, असा अनुभवही नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, तरी गावातले गटतट आणि पॅनेल कोणाला चुकलेले नाहीत. पक्षनिरपेक्ष सुधारणा म्हणजे असा नियम, जो कोणाच्या फायद्याचा ठरेल हे ठाऊक नसतानाही मागता येतो. आम्ही एक साधी कसोटी लावतो : आपल्याला अजिबात न आवडणारा पक्ष उद्या सत्तेवर आला, तरी हा नियम आपल्याला हवा वाटेल का? उत्तर "हो" असेल तरच ती मागणी या पानावर येते.

२. दर पाच वर्षांनी मत देण्याचा अधिकार मला आहेच. याहून अधिक अधिकार तो कोणता?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर आपल्याच कायद्यांत विखुरलेले आहे. हिंगणा तालुक्यातील एखाद्या गावात राहणारी पदवीधर स्त्री डोळ्यांसमोर आणा. विधान परिषदेच्या नागपूर पदवीधर मतदारसंघात ती उमेदवारांना पसंतीक्रम देते, म्हणजे पहिला नाही तर दुसरा कोण चालेल हेही सांगते (प्रश्न ४). थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास ठराव आला, तर ग्रामसभेत गुप्त मतदान करून त्याला ठेवायचे की काढायचे हे ती ठरवते (प्रश्न १०). तीच स्त्री शहरात राहायला आली, तर महापालिकेच्या निवडणुकीत तिच्या नकाराला फेरनिवडणूक घडवण्याचे बळ मिळते (प्रश्न ७). परंतु विधानसभा आणि लोकसभेसाठी हे सारे अधिकार गळून पडतात : एक बटण दाबायचे आणि पाच वर्षे थांबायचे.

आमची मागणी एवढीच आहे की, ज्या मतदाराला एका निवडणुकीत आपण विचारी समजतो, त्याला दुसऱ्या निवडणुकीत अजाण समजू नये. पुढील बहुतेक उत्तरे या एका गोष्टीचा विस्तार आहेत.

३. ज्याला सर्वाधिक मते मिळतात तो निवडून येतो. यात चुकीचे काय आहे?

दोनच उमेदवार असतील तर काहीच नाही. उमेदवार वाढले की अडचण सुरू होते. झालेल्या मतदानापैकी ३५ टक्के मते मिळवणारा उमेदवार, उरलेल्या ६५ टक्क्यांना तो मुळीच नको असला तरी, निवडून येतो, कारण ते ६५ टक्के दोघा-तिघांत विभागलेले असतात. त्यात मतदानच कमी असेल तर हा पाया आणखी आकसतो. २०२४ मध्ये नागपूर लोकसभा मतदारसंघात सुमारे ५४ टक्के मतदान झाले. अशा मतदानात ३५ टक्के मते म्हणजे एकूण मतदारांच्या पाचव्या भागाहून कमी.

या पद्धतीचा दुसरा परिणाम मतदाराच्या मनावर होतो, आणि माझ्या मते तो अधिक गंभीर आहे. मनातला उमेदवार चांगला असूनही "तो काही निवडून येत नाही, मत वाया कशाला घालवायचे" म्हणून माणूस दुसऱ्यालाच मत देतो. असे मत मोजले जाते खरे, पण त्यातून मतदाराचे खरे म्हणणे कळत नाही. फूट पाडण्यासाठी मिळत्याजुळत्या नावाचा अपक्ष उभा करणे ही जुनी युक्तीही याच पद्धतीमुळे फळते.

४. पसंतीक्रमाचे मतदान म्हणजे काय, आणि ते आपल्या लोकांना जमेल का?

या मतदानात मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहितो. एकच जागा असेल तर वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक एवढा कोटा ठरतो. पहिल्या पसंतीत तो कोणीच गाठला नाही, तर सर्वांत कमी मते मिळवणारा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरील पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात. कोटा पूर्ण होईपर्यंत किंवा शेवटचा एकच उमेदवार उरेपर्यंत असे चालते. आवडत्या पण दुबळ्या उमेदवाराला पहिली पसंती देऊनही मत वाया जात नाही, हे या पद्धतीचे मर्म आहे.

जमेल का, हा प्रश्न खरे तर मागे पडला आहे. राष्ट्रपती, राज्यसभा आणि विधान परिषद या निवडणुका याच पद्धतीने होतात. राष्ट्रपतिपदाची १९६९ ची निवडणूक हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपल्या चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९ इतकी मतमूल्ये मिळाली (या निवडणुकीत प्रत्येक आमदार-खासदाराच्या मताला ठरावीक मूल्य असते). कोटा होता ४,१८,१६९, म्हणजे गिरी सर्वांत पुढे असूनही निवडून आलेले नव्हते. इतर उमेदवार एकेक करून बाद झाले आणि त्यांच्या मतांची पुढची पसंती मोजली गेली, तेव्हा गिरी ४,२०,०७७ वर आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले. देशमुखांना मत देणाऱ्यांचे मत वाया गेले नाही. अंतिम लढत दोघांत झाली, आणि तीत कोण हवा हे सांगण्याची संधी त्यांनाही मिळाली.

राष्ट्रपतीला मत देणारे आमदार-खासदार असतात, सामान्य मतदार नव्हेत, असा आक्षेप येतो. त्यावर नागपूर विभागातील पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांकडे बोट दाखवावे लागेल. तेथे कागदी मतपत्रिकेवर हजारो लोक पसंतीक्रम लिहितात. पदवी ही आकडे लिहिण्याची पूर्वअट नाही, आणि बाजारहाट करणाऱ्या कोणालाही "हे नसेल तर ते द्या" म्हणण्याची सवय असतेच.

५. पदवीधर मतदारसंघात मी फक्त "१" लिहिला, किंवा बरोबरची खूण केली, तर मत बाद होते का?

फक्त "१" लिहिलेले मत वैध असते. पुढच्या पसंती ऐच्छिक आहेत. तुमचा उमेदवार बाद झाला तर मात्र ते मत पुढे कोणाकडेही जात नाही. बरोबरची किंवा फुलीची खूण केली, "१" हा आकडा दोघांपुढे लिहिला, पसंती अक्षरांत लिहिली, किंवा नाव, सही अथवा ओळख पटेल असे काही लिहिले, तर मतपत्रिका अवैध ठरते. मतदान केंद्रावर दिलेलाच पेन वापरावा लागतो. या चुकांमुळे शिकल्या-सवरलेल्यांची मतेही बाद होतात, म्हणून मतदानापूर्वी नमुना मतपत्रिकेवर सराव करून घेण्याचा आमचा आग्रह असतो.

६. नोटाचे बटण दाबल्याने प्रत्यक्षात काही होते का?

विधानसभा आणि लोकसभेत निकालावर त्याचा परिणाम होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी दिलेल्या निकालामुळे मतदानयंत्रावर "वरीलपैकी कोणीही नाही" हा पर्याय आला. त्यापूर्वी मत न देण्याचा निर्णय केंद्रावरील नोंदवहीत नोंदवावा लागे आणि त्यात गुप्तता राहत नसे. म्हणजे नोटाने आपल्याला प्रथम दिली ती नकाराची गुप्तता, आणि ती लहान गोष्ट नाही.

नोटाला सर्वाधिक मते पडली, तरी उमेदवारांत ज्याची मते सर्वांत जास्त तोच निवडून येतो. अनामत रक्कम वाचली की जप्त झाली हे ठरवतानाही नोटाची मते हिशेबात धरत नाहीत. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण विधानसभा मतदारसंघात नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात २ लाख १८ हजारांहून अधिक लोकांनी नोटा दाबला. दोन्ही ठिकाणी निकाल तसाच राहिला. राज्यसभेच्या निवडणुकीत तर नोटा नाहीच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तो तेथून रद्द केला.

७. महापालिकेत नोटाचा नियम वेगळा आहे असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे, आणि नागपूरकरांना हे फारसे ठाऊक नाही याचे वाईट वाटते. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये महापालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी आदेश काढून नोटाला "काल्पनिक उमेदवार" मानले. एखाद्या जागेवर नोटाला सर्वाधिक मते मिळाली, तर त्या जागेची निवडणूक रद्द होऊन नव्याने घेतली जाते. फेरनिवडणुकीतही नोटाच पुढे राहिला, तर तिसऱ्यांदा निवडणूक होत नाही आणि उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा विजयी ठरतो.

या नियमातली उणीव दाखवणेही आवश्यक आहे. मतदारांनी नाकारलेले तेच उमेदवार फेरनिवडणुकीत पुन्हा उभे राहिले, तर पहिल्या नकाराला अर्थ उरत नाही. हरियाणाच्या राज्य निवडणूक आयोगाने त्याच महिन्यात असाच आदेश काढताना, नोटापेक्षा कमी मते मिळालेल्या उमेदवारांना फेरनिवडणुकीत उभे राहण्यास मनाई केली. तेवढी ओळ आपल्याकडेही असावी, ही आमची मागणी आहे.

८. एकच उमेदवार उरला असेल तर मला नोटा दाबता येईल का?

नाही. माघारीची मुदत संपल्यावर एकच उमेदवार उरला, तर मतदान न घेताच त्याला बिनविरोध निवडून आल्याचे घोषित करतात. लोकसभा आणि विधानसभेसाठी ही तरतूद लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ५३ मध्ये आहे. २०२४ मध्ये सुरतमध्ये हेच घडले. प्रश्न ६ मधील इंदूरशेजारी सुरत ठेवून पाहा : एका शहरात लाखोंना नकार नोंदवता तरी आला, दुसऱ्या शहरात मतदानयंत्रच लागले नाही. माघार घेण्याचा निर्णय उमेदवारांचा असतो, पण हक्क मतदाराचा जातो. एकच उमेदवार असला तरी "हा की कोणीही नाही" असे मतदान घेणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. गावाने एकोप्याने केलेली बिनविरोध निवड आम्ही वाईट मानत नाही, पण तो एकोपा खरा असेल तर मतदानातही दिसेल.

९. आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. गडर तुंबले तर जाब कोणाला विचारायचा?

कायद्याने चौघांनाही, व्यवहारात बहुधा कोणालाच नाही. नागपूर महापालिकेत १५१ जागा आणि ३८ प्रभाग आहेत : ३७ प्रभागांत चार-चार आणि एका प्रभागात तीन. येथे २००७ मध्ये एका प्रभागाला एक नगरसेवक होता, २०१२ मध्ये दोन झाले, २०१७ मध्ये चार. पुढे तीनचा निर्णय झाला आणि तोही फिरवून पुन्हा चारवर आला. मुंबईत मात्र सगळा काळ एका प्रभागात एकच नगरसेवक राहिला. यातला एकही बदल मतदारांना विचारून झालेला नाही.

बहुसदस्यीय प्रभाग मुळातच वाईट, असे अनेक जण म्हणतात. मला तसे वाटत नाही. दोष आहे तो त्यातल्या मतमोजणीत. आज अ, ब, क, ड या चार जागांसाठी चार वेगळ्या लढती होतात आणि प्रत्येक लढत सर्वाधिक मतांवर सुटते. परिणामी ४० टक्के मतदारांचा एक गठ्ठा चारही जागा नेऊ शकतो आणि उरलेल्या ६० टक्क्यांचा एकही प्रतिनिधी राहत नाही. म्हणजे मोठ्या प्रभागामुळे जबाबदारी विरघळते आणि मोठ्या प्रभागाचा जो एकमेव लाभ असतो, वेगवेगळ्या मतप्रवाहांना जागा मिळण्याचा, तोही हाती लागत नाही.

हाच प्रभाग प्रश्न ४ मधील पसंतीक्रमाने मोजला तर चित्र बदलते. चार जागांसाठी कोटा म्हणजे वैध मतांना पाचने भागून त्यात एक मिळवायचा. २०,००० वैध मते असतील तर ४,००१ मते मिळवणारा निवडून येतो. मग मानेवाड्याच्या एका टोकाच्या वस्तीलाही, एकोपा असेल तर, आपला एक नगरसेवक धाडता येतो, आणि त्याला आपण कोणाचे देणे लागतो हे ठाऊक असते.

आरक्षणाचे काय, हा यावरचा रास्त प्रश्न आहे. आजच्या पद्धतीत अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग आणि स्त्रियांसाठीच्या जागा अ, ब, क, ड मध्ये आधीच ठरतात. एकत्रित मोजणीत आरक्षित जागा प्रथम भरण्याचा नियम करावा लागेल. असा नियम आपल्याला नवखा नाही. १९६१ च्या कायद्याने बंद होईपर्यंत देशात द्विसदस्य मतदारसंघ होते. त्यांत एक जागा आरक्षित असे आणि मतदाराला दोन मते असत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५४ मध्ये लढवलेली भंडाऱ्याची पोटनिवडणूक अशाच मतदारसंघातली. तेथील मोजणीत आधी आरक्षित जागा भरली जाई आणि उरलेली सर्वांसाठी खुली राही. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरमला सर्वसाधारण जागाही आदिवासी उमेदवारानेच जिंकली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ती निवड योग्य ठरवली. हरलेले उमेदवार होते पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी.

१०. निवडून दिलेला माणूस काम करत नसेल तर त्याला परत बोलावता येते का?

थेट निवडलेल्या सरपंचाबाबत काही अंशी येते. पंचायत सदस्यांनी तीन-चतुर्थांश बहुमताने अविश्वास ठराव मंजूर केल्यावर तो ग्रामसभेपुढे जातो आणि गुप्त मतदानात साध्या बहुमताने मान्य झाला तरच सरपंच पायउतार होतो. पहिली दोन वर्षे असा ठराव आणता येत नाही. थेट सरपंचाची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली, त्यामुळे आपल्या गावचा सरपंच कोणत्या पद्धतीने निवडला गेला, हे आधी पाहावे.

कामठी, काटोल, उमरेडसारख्या शहरांत नगराध्यक्ष थेट निवडला जातो, पण त्याला परत बोलावण्याचे मतदान आपल्या कायद्यात नाही. सावनेरच्या पुढे राज्याची सीमा ओलांडली की चित्र बदलते. मध्य प्रदेशाच्या १९६१ च्या नगरपालिका कायद्यात, कलम ४७ मध्ये, ही तरतूद केली गेली : तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी सह्यांचा प्रस्ताव द्यायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी तो तपासायचा आणि मग शहरातील मतदारांनी गुप्त मतदानाने अध्यक्षाची खुर्ची भरलेली ठेवायची की रिकामी करायची हे ठरवायचे. छत्तीसगडमध्येही हाच नियम चालत आला आणि २००८ मध्ये तेथे मतदारांनी तीन अध्यक्षांना पदावरून दूर केले. ही पद्धतही पूर्ण नाही, कारण सुरुवात नगरसेवकांनीच करायची असते. ठरावीक संख्येच्या मतदारांच्या सह्यांनी प्रक्रिया सुरू होणे, हा पुढचा टप्पा असावा.

११. मग आमदार-खासदारांनाही परत का बोलावू नये?

येथे आम्ही सावध आहोत. काही लाख मतदारांच्या मतदारसंघात सह्या गोळा करणे, त्या खऱ्या आहेत का हे तपासणे आणि पराभूत उमेदवाराला दुसऱ्याच महिन्यात मोहीम उघडण्यापासून रोखणे सोपे नाही. विधी आयोगाने २०१५ मधील २५५ व्या अहवालात या कल्पनेला अनुकूलता दाखवली नाही. पालिका पातळीवर काही वर्षांचा अनुभव घेऊन मगच पुढे जावे, असे माझे मत आहे.

१२. मी एका पक्षाच्या उमेदवाराला मत दिले आणि तो दुसऱ्या पक्षात गेला. मतदार म्हणून मी काय करू शकतो?

पुढील निवडणुकीपर्यंत जवळजवळ काहीच नाही. आमदार-खासदारांसाठी १९८५ मध्ये आलेले राज्यघटनेचे दहावे परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीची तरतूद, आहे आणि नगरसेवकांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा स्वतंत्र अपात्रता कायदा. दोन्हींत मतदाराचे मत विचारण्याची सोय नाही. परत बोलावण्याचा अधिकार (प्रश्न १०) असता, तर त्याचा सर्वांत न्याय्य उपयोग येथेच झाला असता.

१३. उमेदवारावरचे गुन्हे आणि त्याची मालमत्ता कुठे पाहायची?

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता, देणी आणि शिक्षण यांचे शपथपत्र द्यावे लागते. ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. फेब्रुवारी २०२० च्या आदेशानुसार, गुन्हे दाखल असलेल्या व्यक्तीलाच उमेदवारी का दिली, याची कारणे पक्षांनी जाहीर करायची असतात. "निवडून येण्याची क्षमता" हे कारण पुरेसे नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले आहे.

१४. विधानसभेच्या यादीत माझे नाव आहे. महापालिकेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते का?

नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांनुसार विभागतो. म्हणूनच ऐनवेळी पालिकेच्या कार्यालयात जाऊन नवे नाव घालता येत नाही. आयोगाने ठरवलेल्या तारखेला ते विधानसभेच्या यादीत असायलाच हवे. विभागणीत नाव चुकून शेजारच्या प्रभागात गेले असेल, तर प्रारूप यादीवर हरकत घेता येते. नव्या नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ताबदल व दुरुस्तीसाठी नमुना ८ वापरावा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, त्यामुळे १८ वर्षे पूर्ण होताच नोंदणीसाठी पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. पदवीधर मतदारसंघाची यादी मात्र पूर्णपणे वेगळी असून, प्रत्येक निवडणुकीपूर्वी ती नव्याने तयार होते. मागील वेळी नाव होते म्हणून निर्धास्त राहू नये.

१५. केंद्रावर गेलो तर माझ्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेले होते. आता?

परत फिरू नका. ओळख पटवून दिल्यावर केंद्राध्यक्षाने तुम्हाला कागदी मतपत्रिकेवर "प्रदत्त मत" देऊ दिले पाहिजे. ते पाकिटात वेगळे ठेवतात आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण निवडणुकीला न्यायालयात आव्हान मिळाले तर ते पुरावा ठरते. अगदी थोड्या मतांनी निकाल लागलेल्या जागी अशी मते निर्णायक ठरू शकतात.

१६. केंद्रनिहाय निकाल जाहीर होतात. मग माझे मत गुप्त कसे?

तुमचे वैयक्तिक मत गुप्त राहते, तुमच्या वस्तीचे राहत नाही. एका केंद्रावर हजार-बाराशे मतदार असतात, आणि कोणत्या गल्लीने कोणाला नाकारले हे उमेदवाराला कळते. पुढे पाण्याचा टँकर कुठे लवकर येतो, यावर त्याचा परिणाम होण्याची भीती लोक बोलून दाखवतात. अनेक केंद्रांची मते एकत्र मोजणारे टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्येच सुचवले आणि विधी आयोगाने २५५ व्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, तरी ते आलेले नाही. याला एक विरोधी मुद्दाही आहे : केंद्रनिहाय आकडे असल्यानेच झालेल्या आणि मोजलेल्या मतांचा ताळा घेता येतो. दोन्ही साधायचे तर प्रत्येक केंद्रावरील एकूण मतदानाचा आकडा जाहीर व्हावा आणि उमेदवारनिहाय मते मात्र गटाने मोजली जावीत.

१७. निवडणूकच वेळेवर झाली नाही तर मतदाराने काय करावे?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार पालिकेची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले. मधली जवळपास चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती होते. वरच्या सोळा उत्तरांतील महापालिकेविषयीचा एकही अधिकार त्या काळात शहरात कोणाला वापरता आला नाही. न्यायालयात याचिका करणे हा मार्ग आहे, पण तो लांबचा ठरला. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी प्रभागरचना गोठवावी आणि ती लांबली तर जुन्याच रचनेवर निवडणूक घ्यावी, असा स्पष्ट नियम कायद्यातच हवा.

१८. हे सगळे करायला राज्यघटना बदलावी लागेल का, आणि मी सुरुवात कुठून करू?

बहुतेक बदलांसाठी नाही. पंचायती आणि पालिकांच्या निवडणुकांचा कायदा करण्याचा अधिकार अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए नुसार राज्य विधिमंडळाचा आहे, त्यामुळे प्रश्न ७ ते १० आणि १७ मधील पंचायती-पालिकांपुरत्या मागण्या आपल्या आमदारांच्या हातातल्या आहेत. लोकसभा आणि विधानसभेच्या मतमोजणीची पद्धत संसदेच्या कायद्याने ठरते.

नागपूरकरांची एक सोय इतर जिल्ह्यांना नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी येथे भरते, आणि हिवाळ्यातले ते काही दिवस राज्यातले सारे आमदार आपल्या शहरात असतात. "सुधारणा करा" असे मोघम निवेदन देऊ नये. एका वेळी एकच मागणी, कोणत्या कायद्यात कोणती ओळ हवी त्या शब्दांसह, लिहून न्यावी, आपल्या आमदारामार्फत विनंती अर्ज समितीपुढे ठेवण्याची विनंती करावी आणि पोच घ्यावी. पहिल्या अर्जासाठी प्रश्न ७ मधील मागणी घ्यावी, असे आम्ही सुचवतो, कारण ती एका ओळीची आहे आणि तिच्यासाठी पैसा लागत नाही.